डीएफबी लेसरवर एफएसके: लांब बिटक्रमाला आय पॅटर्न मिटतो, सल्ला हवा आहे

प्रकाशवेध:
१५५० नॅनोमीटरच्या डीएफबी लेसरचा (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारा अर्धवाहक लेसर) प्रवाह थेट बदलून मी सेकंदाला ५० कोटी बिट या वेगाने एफएसके (बिटानुसार प्रकाशाची वारंवारता बदलण्याची पद्धत) संदेश पाठवतो आहे. दोन वारंवारतांमधले अंतर १ गिगाहर्ट्झ आहे आणि त्यासाठी बायसवर (लेसरच्या स्थिर प्रवाहावर) साधारण ४ मिलिअँपिअरचा बदल पुरतो. ग्राहक बाजूला ०.५ नॅनोसेकंद विलंबाचा तंतूचा माख-झेंडर इंटरफेरोमीटर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन वारंवारतेतला फरक तीव्रतेच्या फरकात बदलणारे साधन) असून त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक फोटोडायोड जोडलेला आहे. १२७ बिटांचा छद्म-यादृच्छिक (यादृच्छिक भासणारा, पण ठरलेला) क्रम दिला की आय पॅटर्न, म्हणजे सगळे बिट एकमेकांवर रचून दिसणारी डोळ्यासारखी आकृती, स्वच्छ उघडतो. मात्र २ चा २३वा घात वजा १ एवढा लांब क्रम दिला, की एकाच बिटाचे प्राबल्य असलेल्या भागात वरची पातळी हळूहळू खाली घसरते, खालची वर चढते आणि डोळा जवळजवळ मिटतो. बहुविद्युतअग्री (अनेक विद्युतअग्रांचा) लेसर घ्यावा, समकारी परिपथ (प्रतिसादातला चढउतार भरून काढणारा) लावावा की बिटांचे संकेतन बदलावे?

तरंगरेषा:
आपण दिलेल्या दोन क्रमांतच निदान दडलेले आहे. आपल्या वेगाला १२७ बिटांच्या क्रमातला सर्वांत मंद घटक सुमारे ३.९ मेगाहर्ट्झचा असतो, तर लांब क्रमातला जेमतेम ६० हर्ट्झचा. म्हणजे बिघाड मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात आहे. प्रवाह वाढवला की सक्रिय थरातली विद्युतभार वाहकांची घनता वाढते, अपवर्तनांक कमी होतो आणि प्रकाशाची वारंवारता चढते. पण त्याच प्रवाहाने लेसर तापतो, अपवर्तनांक वाढतो आणि वारंवारता उतरते. पहिला परिणाम गिगाहर्ट्झपर्यंत साथ देतो, दुसरा मंद असला तरी दर मिलिअँपिअरमागे कितीतरी जास्त ताकदीचा असतो. दोन्ही जिथे जवळपास समान होतात तिथे, बहुधा १०० किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यान, प्रतिसादात खड्डा पडतो आणि त्याच्या दोन बाजूंना कला (फेज) उलटी होते. एकाच बिटाचे प्राबल्य जास्त वेळ टिकले की उष्णता वारंवारतेला विरुद्ध दिशेला ओढू लागते. आपल्याला दिसणारी घसरण तीच आहे.

माझा आग्रह एवढाच आहे, की काहीही विकत घेण्याआधी आपल्याच लेसरचा हा प्रतिसाद मोजा. इंटरफेरोमीटर त्याच्या वक्राच्या मधोमध, उतार सर्वाधिक असेल तिथे ठेवा, प्रवाहावर अगदी लहान साइन तरंग चढवा आणि १० किलोहर्ट्झपासून वर जात मोठेपणा व कला दोन्ही नोंदवा. दोन फोटोडायोडांचा फरक घेतलात, तर प्रवाहामुळे प्रकाशाच्या तीव्रतेत होणारा बदल बराचसा वजा होईल.

अर्धवाहक:
समकारी परिपथाबद्दल अनुभवाने सांगतो. एका लेसरवर तासन्‌तास जुळवलेला परिपथ मी दुसऱ्या लेसरला लावला, तेव्हा सगळे पुन्हा बिघडले, कारण खड्ड्याची जागा नगानगागणिक आणि बायसनुसारही हलते. दोन-तीन विद्युतअग्रांच्या लेसरमध्ये प्रवाह असमान वाटून सपाट प्रतिसाद मिळवता येतो, हे खरे. पण योग्य बायसबिंदू शोधण्यात फार वेळ जातो आणि मधेच लेसर एका मोडवरून (कंपनाच्या एका वारंवारतेवरून) दुसऱ्यावर उडी मारतो. आपल्या कामासाठी मी संकेतनच निवडेन.

मँचेस्टर संकेतनात (प्रत्येक बिटाच्या मध्यावर पातळी बदलते असे संकेतन) मंद घटक जवळजवळ उरत नाहीत, मात्र चिन्हांचा वेग दुप्पट होतो. मग १ नॅनोसेकंदाच्या चिन्हातला अर्धा वेळ आपला आताचा विलंबच खाऊन टाकेल, म्हणून वारंवारतांतले अंतर २ गिगाहर्ट्झ करून विलंब ०.२५ नॅनोसेकंदावर, म्हणजे तंतूच्या लांबीतला फरक सुमारे ५ सेंटिमीटरवर आणावा लागेल. खड्डा १ मेगाहर्ट्झच्या खाली निघाला, तर आधी ८बी/१०बी (दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवणारे संकेतन) वापरून पाहा. त्यात वेग २५ टक्केच वाढतो आणि सलग समान बिट पाचाच्या पुढे जात नाहीत.

प्रकाशवेध:
मोजमाप केले. खड्डा ७०० किलोहर्ट्झजवळ आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कला स्पष्टपणे उलटते. ८बी/१०बी लावल्यावर कितीही लांब क्रमाला डोळा उघडा राहतो. आता एकच अडचण उरली आहे: वीसेक मिनिटांत दोन्ही पातळ्या मिळून एका बाजूला सरकतात.

तरंगरेषा:
डीएफबी लेसरची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते, म्हणजे या पट्ट्यात सुमारे १२ गिगाहर्ट्झ. आपल्या इंटरफेरोमीटरचे एक आवर्तन २ गिगाहर्ट्झचे आहे, त्यामुळे अंशाच्या शंभराव्या भागाचा फरकही १२० मेगाहर्ट्झ होऊन दिसतो. शिवाय इंटरफेरोमीटरच्या तंतूंचे तापमान बदलते ते वेगळेच. नव्या संकेतनामुळे यावरही सोय झाली आहे. संकेत संतुलित (० आणि १ सरासरीने समान) असल्याने दोन फोटोडायोडांच्या फरकाची सरासरी शून्य असायला हवी. ती ज्या बाजूला झुकेल, त्याप्रमाणे लेसरच्या तापमान नियंत्रकाला दुरुस्ती द्या. ही सरासरी सेकंदभराच्या कालावधीवर घ्या, म्हणजे नियंत्रण संदेशाच्या मागे धावणार नाही. आणि लेसरच्या पुढे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर तो आधी बसवा, कारण जोडावरून परतलेला थोडासा प्रकाशही लेसरची वारंवारता हलवतो आणि मग नियंत्रक चुकीच्याच गोष्टीची दुरुस्ती करत बसतो.