शाळा म्हणते "त्याला आमच्याकडे झेपणार नाही". चौथी, डिस्लेक्सिया, पुणे. मंगळवारी मीटिंग आहे, मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत आहे. सिंहगड रस्त्यावरची खाजगी शाळा, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्याला तिथेच ठेवायचंय. त्याचे मित्र तिथे आहेत.

दुसरीपासून वाचन अडखळत होतं. सगळे म्हणाले, मुलगा आहे, होईल हळूहळू. शेवटी यंदा दिवाळीच्या सुट्टीत मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घेतली. बुद्ध्यांक वयाला साजेसा, वाचन-लेखन मात्र दुसरीच्या आसपास. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, सोबत डिसग्राफिया म्हणजे लिहिण्यातली. सरकारी प्रमाणपत्रासाठी ससून रुग्णालयाची तारीख मिळाली आहे, पण ती जानेवारीअखेरची.

रिपोर्ट घेऊन शाळेत गेले तेव्हा वाटलं होतं, आता सोपं होईल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सवलती दहावीला असतात, चौथीला नाही. वर्गात बसवायचं असेल तर शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी वेगळी शिक्षिका, तुमच्या खर्चाने आणा. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी योग्य अशी शाळा बघा. सगळं तोंडी. "हे लिहून द्याल का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "अहो, आपण घरच्यासारखं बोलतोय, लिहायचं काय त्यात?"

दोन आठवडे डबा भरलेलाच परत येत होता. भाजी आवडत नसेल म्हणून मी रोज बदलून पाहिली. मग एका संध्याकाळी दप्तर आवरताना त्याने सांगितलं, की फळ्यावरचं लिहून झाल्याशिवाय मधल्या सुट्टीत उठायचं नाही. बाकीची मुलं मैदानात आणि हा बाकावर. वर्गशिक्षिका वाईट नाहीत हो, पन्नासेक मुलं आहेत त्यांच्यापुढे. पण माझं पोर उपाशी राहतं त्याचं काय?

परिसर अभ्यासाच्या पेपरात शेवटचे चार प्रश्न कोरे होते. एका उत्तराच्या जागी नुसतं "सह्या" लिहिलेलं, पुढे पेन ओढलेली रेघ. घरी येऊन त्याने मला त्याच प्रश्नाचं उत्तर सह्याद्री, घाटमाथा, पाऊस, नद्या सगळ्यासकट तोंडी सांगितलं.

मंगळवारी मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि आम्ही दोघं बसणार आहोत. मला भांडण नकोय. पण हात हलवत परतही यायचं नाहीये. चौथीत सवलत मिळत नाही हे खरं आहे का? प्रमाणपत्र येईपर्यंत काहीच मागता येत नाही का? शॅडो टीचरचा खर्च आमच्यावर कसा? ज्यांनी हे पुण्यात निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १
ताई, डब्याचं वाचून पोटात कालवलं. आमची मुलगी आता आठवीत आहे, आम्हीही याच रस्त्याने आलो. एक चूक केली ती तुम्ही करू नका. आम्ही वर्षभर नुसतं बोलत राहिलो. नंतर मुख्याध्यापक बदलले आणि नव्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मीटिंग झाली की त्याच रात्री शाळेला ईमेल करा: आज आपलं अमुक बोलणं झालं, आम्ही असं समजलो, काही चुकलं असेल तर कळवा. त्यांनी लिहून दिलं नाही तरी तुमच्याकडून लिहिलं जातं. सूर गोडच ठेवा. रिपोर्टची प्रत द्याल तेव्हा पोच घ्या.

प्रतिसाद २
मी विशेष शिक्षिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. कलम १६ सरकारी शाळांपुरतं नाही, मान्यताप्राप्त खाजगी शाळांनाही लागू आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी देणं, हे त्यात स्पष्ट आहे. दहावीची अट कुठेही नाही. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमता हवी, असा मुद्दा निघाला तर गोंधळू नका. ती अट कलम ३१ मधल्या मोफत शिक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वर्गातल्या सोयींसाठी नाही.

प्रमाणपत्र बोर्डाच्या परीक्षेला लागेलच, ससूनची तारीख चुकवू नका. पण चौथीचे पेपर शाळाच काढते. तोंडी उत्तरं घेणं, तासाला २० मिनिटं जादा देणं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देणं, यासाठी कोणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही. डिस्लेक्सियाच्या बहुतेक मुलांना शॅडो टीचर लागतही नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये तशी शिफारस आहे का पाहा. नसेल तर तेच पान मीटिंगमध्ये उघडून दाखवा.

शाळेतून काढण्याची भाषा झालीच तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आठवा: आठवी पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही. मात्र अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना तो कायदा लागू नाही, तेवढं तपासून घ्या. अगदीच अडलं तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, मग दिव्यांग आयुक्त. त्यांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. पण मंगळवारी यातलं काही तोंडावर फेकू नका. वर्गशिक्षिकेला आधी एकटीला भेटा. मधली सुट्टी बुडते हे बहुधा त्यांना शिक्षा वाटतच नसेल.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा काढून वाचला. शॅडो टीचरचा शब्दही नाही त्यात. आठवड्याला तीन तास विशेष शिक्षिका आणि लेखनाचं काम कमी करणं, एवढंच आहे. सोमवारी शाळा सुटताना वर्गशिक्षिकांना भेटते. मधल्या सुट्टीचंच आधी बोलेन, बाकी मंगळवारी. ईमेलचा मसुदा रात्री इथे टाकते, सूर कुठे चढला असेल तर सांगा.