सुरजागडचं लोखंड: वाहतुकीत वाचलेला पैसा कुणाचा?

वैनगंगाकाठ
२०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याने ट्रकांतून बाहेर जाताना आपण बघतोय. २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन काढायची परवानगी मिळाली. २५ टनांचा ट्रक धरला तर वर्षाला ४ लाख खेपा, म्हणजे रोजच्या अकराशे. आष्टीकडे रस्त्यालगतच्या वावरात कापूस वेचला की बोटं लाल होतात. मी स्वतः वेचलाय.

जुलै २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून जिल्ह्यातल्याच कोनसरीपर्यंत साधारण ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आणि कोनसरीचा पेलेट (खनिजाच्या गोळ्यांचा) कारखाना यांचं उद्घाटन झालं. खनिज दळायचं, पाण्यात कालवायचं, नळातून सोडायचं. पलीकडे पाणी काढून गोळ्या वळायच्या आणि भाजायच्या. टनामागचा वाहतूक खर्च ट्रकापेक्षा कितीतरी कमी.

या बचतीतलं जिल्ह्याला काय मिळतं? राज्य सरकारला जाणारी रॉयल्टी खनिजाच्या सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के. खाणपट्टा २००७ चा, म्हणून रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी आणखी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्ह्याच्या निधीला. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे जिल्ह्याला साडेचार रुपये. वाहतूक स्वस्त झाली तरी साडेचार, त्याच खनिजाचं पोलाद झालं तरी साडेचार. हे बदललंच पाहिजे.

भट्टीवाला
हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. चंद्रपूरकडे स्पंज आयर्नच्या (खनिज न वितळवता केलेल्या कच्च्या लोखंडाच्या) भट्टीवर माझी अठरा वर्षं गेली. एक टन स्पंज आयर्नला दीड टनाच्या वर खनिज लागतं. ते दीड टन दूर वाहून नेण्यापेक्षा खाणीजवळच लोखंड करावं, हे शहाणपणच आहे. शिवाय भट्टीत थेट न चालणाऱ्या चुऱ्याला गोळीमुळे किंमत आली.

छत्तीसगडच्या बस्तरमधल्या बैलाडिला खाणींचं बघा. तिथल्या किरंदुलहून २६७ किलोमीटरचा नळ थेट विशाखापट्टणमला गेला. खनिज बस्तरचं, गोळ्या वळायचा कारखाना समुद्रकाठी. आपला नळ जिल्ह्यातच संपतो, ही लहान गोष्ट नाही. आपल्या पोरांना फिटर, वेल्डर म्हणून गावाजवळ काम मिळतंय. आत्ताच कर वाढवाल तर पुढचा कारखाना रेल्वे आणि बंदर असलेल्या ओडिशात जाईल.

बारा चाकी
दोघंही ट्रक नको म्हणता. माझ्या धाकट्या भावाने याच खेपांच्या भरवशावर बारा चाकी काढली. अजून ३१ हप्ते बाकी आहेत. नळाला ड्रायव्हर लागत नाही, टायर लागत नाही, आलापल्लीच्या धाब्यावर तो जेवायला थांबत नाही. धुळीचं मला मान्य आहे, आमच्या आईलाही दमा आहे. पण खेपा बंद झाल्या तर हप्ते कोण भरणार, याचं उत्तर कुणी देत नाही.

कोकवाला
भट्टीवाले, पोलादाचं इतकं गृहीत धरू नका. खनिज वितळवणाऱ्या मोठ्या झोत भट्टीला (ब्लास्ट फर्नेस) कोकिंग कोळसा, म्हणजे कोक करता येईल असा खास कोळसा लागतो. चंद्रपूरचा कोळसा त्या कामाचा नाही आणि देशात तो बहुतेक आयातच होतो. बंदर शेकडो किलोमीटर दूर. जिल्ह्यात जुनी रेल्वे फक्त वडसा-देसाईगंजला, आणि वडसा-गडचिरोली ५२ किलोमीटरचा मार्ग किती रखडला ते सगळ्यांना ठाऊक आहे. खनिजाच्या वाहतुकीत वाचवलेलं कोळसा आणण्यात जाईल.

वैनगंगाकाठ
बारा चाकीभाऊ, माझी चूक झाली. पोट तुमचं आणि मी फक्त खेपा मोजल्या. वाचलेल्या पैशातून पहिला वाटा स्थानिक गाडीमालकांची कर्जं फेडायला जावा, ही मागणी मी ग्रामसभेत मांडतो.

भट्टीवाले, कारखाना ओडिशात जाईलही, पण सुरजागडचा डोंगर जाणार नाही. खनिज इथलंच लागणार असेल तर मागायला आपण इतकं का घाबरायचं? प्रतिष्ठानचा वाटा खनिजाच्या नाही, गोळीच्या किमतीवर लावा.

भट्टीवाला
गोळीवर लावाल तर गोळी वळणारच नाहीत, चुरा तसाच बाहेर विकतील. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कच्च्या चुऱ्यावर गोळीपेक्षा जास्त वाटा ठेवायची तरतूद आधी करा. तसं लिहिलंत तर सही माझीही घ्या.