गाडीखालची खडखड: कुठून येते, त्याआधी केव्हा येते?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आमच्या सात आसनी पेट्रोल गाडीच्या खालून गेले तीन आठवडे एक आवाज येत आहे. कार्यशाळेत दाखवल्यावर तेथे अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या, सस्पेन्शनमधल्या दांड्याच्या) पुढच्या दोन्ही लिंक, म्हणजे जोडदांड्या, झिजल्याचे सांगून त्या बदलण्यात आल्या. पैसे गेले, आवाज मात्र राहिला. त्यातून आमची पंचाईत अशी, की मेकॅनिक शेजारी येऊन बसला की गाडी शहाण्या मुलासारखी गप्प होते. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

आपला एक सभासद

---

सप्रेम नमस्कार,

आपण ‘आवाज’ एवढेच लिहिले आहे, पण मराठीत आवाजाला इतके शब्द असताना त्यांतला नेमका शब्द निवडला तर निम्मे निदान तेथेच होते. पातळ पत्रा थरथरला की झणझण किंवा खुळखुळ ऐकू येते. सस्पेन्शनचा सांधा किंवा बुश (सांध्यातील रबरी अस्तर) झिजले असेल तर लहान खड्ड्यावरून हळू जाताना खटखट किंवा जड धप्प असा आवाज येतो. आणि डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून आला, तर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतील सिरॅमिकची जाळी फुटल्याचा संशय घ्यावा.

आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो केव्हा येतो हे ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गाडी मोकळ्या जागेत उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे आणि एकाने अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल सावकाश दाबत असताना दुसऱ्याने बाजूला उभे राहून ऐकावे (बंद गॅरेजमध्ये हे मुळीच करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो). चाके फिरत नसतानाही आवाज आला, तर चाके, ब्रेक आणि सस्पेन्शन जवळजवळ निर्दोष सुटतात. मग नव्या लिंकांनी फरक का पडला नाही, तेही कळते. उलट, आवाज फक्त चालत्या गाडीत येत असेल आणि ब्रेक हलका दाबताच थांबत असेल, तर ब्रेक पॅड व त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. चाकांचे नट मात्र आजच तपासावेत. ते सैल असतील तर पुढचे काहीही शोधत बसण्यात अर्थ नाही.

माझा संशय एक्झॉस्टवरच्या हीट शील्डवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पातळ पत्र्यावर आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 750 फेरे घेत असेल तर सेकंदाला 25 धक्के बसतात, 1,500 फेऱ्यांना 50. सैल पत्र्याची स्वतःची कंपनसंख्या यांतल्या एखाद्या आकड्याशी जुळली की तो नेमका तेवढ्याच वेगाला वाजतो आणि पुढे गप्प होतो. मेकॅनिकसमोर गाडी गप्प का होते, याचेही उत्तर बहुधा येथेच असावे: तेथे पोहोचेपर्यंत पत्रा तापून प्रसरण पावतो आणि फट बुजते. गाडी रात्रभर कार्यशाळेत ठेवून सकाळी पहिल्यांदा चालू करताना त्यांनाच ऐकायला सांगावे.

स्वतः पाहायचे असल्यास एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पत्र्यावर मुठीने हलके ठोकून पाहावे. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड आणि चाकांना अडण्या हव्यातच. आणि कितीही वैताग आला तरी तो पत्रा उपटून फेकू नये, कारण गाडीचा तळ, इंधनाची नळी आणि खालचे वाळलेले गवत यांचे रक्षण तोच करतो.

आपला

---

सप्रेम नमस्कार,

आपण सांगितल्याप्रमाणे काल सकाळी थंड गाडीवर प्रयोग केला. मुलीने पेडल दाबले आणि मी बाहेर गुडघे टेकून ऐकत राहिलो. 1,500 फेऱ्यांच्या आसपास स्पष्ट झणझण ऐकू आली आणि 2,000 च्या पुढे ती नाहीशी झाली. इंजिन निवल्यावर ठोकून पाहिले, तेव्हा मधल्या पाइपवरचा पत्रा वाजला. त्याचा बोल्ट शाबूत होता, परंतु भोवतालचे भोक गंजून बोल्टच्या डोक्याएवढे रुंद झाले होते. तेथे रुंद वॉशर घातला आणि पत्रा पाइपसह स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या क्लॅम्पने आवळला.

एवढे करूनही खड्ड्यांवर एक बारीक खटखट उरली होती, म्हणून पुन्हा धास्तावलो; पण ती मागच्या सामानाच्या जागेखाली सैल पडलेल्या जॅकची निघाली. तो आता फडक्यात गुंडाळून त्याच्या खाचेत बसवला आहे.

बदललेल्या जुन्या लिंक मी कार्यशाळेतून मागून आणल्या होत्या. आज त्या हातात घेऊन जोर लावून हलवून पाहिल्या, तर दोघींचे सांधे अजून घट्ट आहेत. त्या घेऊन उद्या कार्यशाळेत जाणार आहे.

आपला आभारी