डिफ्यूजन एमआरआय ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्या रात्री मेड्युलात (मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला) स्ट्रोक. प्रोटोकॉलमध्ये काय बदलू?

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. मी एमआरआय टेक्निशियन, मशीन 1.5 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद). मागच्या आठवड्यात रात्री एक पेशंट आला. अचानक गरगरणं, उलट्या, गिळताना ठसका, आणि थांबायचं नाव न घेणारी उचकी. सुरुवात होऊन तीनेक तास झाले होते. सीटी स्वच्छ. टेबलावर घेतलं तर दर उचकीला कॉइलमध्ये डोकं हलायचं. दोन्ही बाजूंनी फोम कोंबून नेहमीचं डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा स्कॅन) केलं: 5 मिमी स्लाइस, बी-व्हॅल्यू (त्या हालचालीला स्कॅन किती संवेदनशील ते) 1000. कानामागच्या हाडापाशी नेहमीचे दोन पांढरे फराटे सोडले तर काही नाही. रिपोर्ट ‘अॅक्यूट इन्फार्क्ट नाही’, म्हणजे रक्त न मिळाल्याने नुकताच मेलेला भाग नाही. दुसऱ्या रात्री परत स्कॅन, आणि मेड्युलाच्या डाव्या कडेला ठळक पांढरा ठिपका!

ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, “3 टेस्ला असतं तर काल रात्रीच दिसलं असतं.” मला हे पटत नाहीये. चुंबक बदलणं माझ्या हातात नाही, पण कन्सोल आहे. पाच-सहा मिनिटं जास्तीची मिळाली तर ती कुठे खर्च करावीत?

फिल्मवाचक

मी न्यूरोरेडिओलॉजी बघते. दादा, तुमची शंका रास्त आहे.

रक्तपुरवठा तुटला की पेशीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि बाहेरची फट अरुंद होते. पाण्याच्या रेणूंना हिंडायला जागा उरत नाही, म्हणून डिफ्यूजनवर तो भाग पांढरा आणि एडीसी मॅपवर (पाणी किती हिंडतंय त्याच्या नकाशावर) काळा. मोझली आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांजरांच्या मेंदूत हा बदल 45 मिनिटांत दाखवला, टी2 या साध्या एमआरआय प्रतिमेवर तेव्हा काहीच नव्हतं. मोठ्या मेंदूतल्या स्ट्रोकला ही तपासणी इतकी चांगली आहे की आपण तिला देव मानायला लागलो. तिथेच घोळ होतो.

2017 च्या एका मेटा-अॅनालिसिसमध्ये शंभरातल्या साधारण सात इस्केमिक (रक्तपुरवठा तुटल्याने झालेल्या) स्ट्रोकमध्ये पहिलं डिफ्यूजन निगेटिव्ह होतं, आणि मेंदूच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या भागात हे फार जास्त. मेड्युलातलं इन्फार्क्ट काही मिलिमीटरचं असतं. ते 5 मिमी स्लाइसमध्ये अर्धं आलं, की शेजारच्या चांगल्या भागात मिसळून फिकं होतं. शिवाय पहिल्या काही तासांत एडीसी पुरेसा उतरलेलाच नसेल, तर कुठलंही मशीन काय दाखवणार?

3 टेस्लाने सिग्नल वाढतो हे खरं. पण हवा आणि हाडाच्या सीमेवर प्रतिमा वाकडी होते, तो प्रकारही चुंबकाच्या ताकदीबरोबर वाढतो. तुमचे ते दोन फराटे तिथे आणखी रुंद दिसले असते.

कन्सोलकर

फिजिक्सवाला बोलतोय. पहिली दोन मिनिटं पातळ स्लाइसवर घाला. नेहमीचं डिफ्यूजन तसंच ठेवा, त्यानंतर फक्त पोस्टेरियर फॉसासाठी (कवटीचा मागचा-खालचा कप्पा) 3 मिमीचं वेगळं डिफ्यूजन, कोरोनल, म्हणजे समोरून बघितल्यासारखे उभे काप. चौथ्या व्हेंट्रिकलच्या (देठामागची पाण्याची पोकळी) मागून क्लायव्हसपर्यंत (देठापुढचं हाड) घेतलंत की मेड्युला आणि त्याच्या वरचा पॉन्स उभे दिसतात, आणि प्रतिमेची विकृतीही वेगळ्या दिशेला पडते. दोन प्लेनमध्ये एकाच जागी पांढरं दिसलं तर ते बहुधा खरं. एकातच दिसलं तर आधी फराट्याचा संशय घ्या.

फुकट मात्र मिळत नाही. 5 वरून 3 मिमीला आलात की सिग्नल 60 टक्क्यांवर येतो. तो भरून काढायला तीच स्लाइस परत परत मोजायची, म्हणजे अॅव्हरेजेस जवळजवळ पावणेतीन पट लागतात. स्लाइस मोजक्याच असल्याने हे परवडतं, पूर्ण डोक्याला परवडणार नाही.

पॅरलल इमेजिंगचा (कॉइलचे अनेक भाग एकदम वापरून कमी डेटात प्रतिमा बनवणं) फॅक्टर 2 लावला नसेल तर तो आज लावा. एको-स्पेसिंग (लागोपाठच्या दोन सिग्नलमधलं अंतर) निम्म्यावर आलं की विकृतीही साधारण निम्मी होते. बी-व्हॅल्यू 2000 करायचा मोह आवरा. ठिपका उठून दिसतो, पण नॉर्मल व्हाइट मॅटरच्या वाटाही उजळतात आणि वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.

सीधीबात

एवढा खटाटोप कशाला? सीटीत रक्तस्राव नाही ना, मग लक्षणं बघून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्या. एमआरआयच्या नादात वेळ जातो.

फिल्मवाचक

@सीधीबात, वेळ नक्की माहीत असेल आणि लक्षणं ढळढळीत असतील तर इंजेक्शन एमआरआयसाठी अडवू नये, इथपर्यंत मान्य. पण झोपेतून उठल्यावर हात लुळा सापडलेल्या पेशंटचं काय? डिफ्यूजन पांढरं आणि फ्लेअर (बदल उशिरा दाखवणारी दुसरी एमआरआय प्रतिमा) अजून शांत, म्हणजे घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली, इंजेक्शनच्या मुदतीतली. 2018 च्या वेक-अप ट्रायलमध्ये अशा 503 पेशंटना या निकषावर घेतलं. अल्टेप्लेज (हेच इंजेक्शन) मिळालेल्यांत 53.3 टक्के जवळपास पूर्ण बरे झाले, प्लॅसिबोवाल्यांत 41.8 टक्के. मेंदूत लक्षणं वाढवणारा रक्तस्राव 2 टक्के विरुद्ध 0.4, हेही सांगायला हवं. साध्या सीटीवर हा निर्णय झाला नसता.

आणि रात्रपाळीवाले दादा, चक्करेच्या पेशंटमध्ये मशीनपेक्षा डोळे आधी बघायला हवेत. 2009 च्या हिंट्स अभ्यासात पहिल्या 48 तासांतलं डिफ्यूजन 12 टक्के स्ट्रोकमध्ये निगेटिव्ह आलं, पण डोळ्यांच्या तीन तपासण्यांनी ते सगळे पकडले. अर्थात तपासणारे त्यात मुरलेले होते. गरगरणारा पेशंट आला तर रिक्वेस्ट फॉर्मवर ‘डोळ्यांची तपासणी केली का?’ असं लिहून विचारा. कुणी भुवया उंचावल्या तर माझ्याकडे बोट दाखवा.

रात्रपाळीवाला

ताई, सर, आभार. काल काम नसताना सहकाऱ्याला टेबलावर घेऊन कोरोनल 3 मिमी करून पाहिलं. मेड्युला सुरेख उभा दिसतो, फराटे बाजूला सरकले. एकच अडचण. आमच्याकडे मल्टी-शॉट (एक स्लाइस अनेक टप्प्यांत घेणारं) डिफ्यूजनही आहे, त्यात हाडापाशीची विकृती आणखी कमी होते. तेच नेहमीसाठी लावू का?

कन्सोलकर

उचकीवाल्याला नको. साध्या सिंगल-शॉटमध्ये एक स्लाइस सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात पूर्ण होते, म्हणून उचकीत एखादी बिघडली तरी बाकीच्या वाचतात. मल्टी-शॉटमध्ये एकाच स्लाइसचा डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मधल्या वेळात डोकं हललं की तुकडे जुळत नाहीत. मशीन दुरुस्तीचा प्रयत्न करतं, पण त्यालाही मर्यादा आहे. पेशंट शांत पडून असेल तर जरूर वापरा.

फिल्मवाचक

आणि हे सगळं करूनही निगेटिव्ह आलं, पण लक्षणं तशीच असली, तर रिपोर्टमध्ये ‘स्ट्रोक नाही’ असं मी लिहीत नाही. ‘या वेळेला डिफ्यूजनवर बदल दिसत नाही, लक्षणं टिकल्यास 24 ते 48 तासांनी पुन्हा करावे’ असं लिहिते.

रात्रपाळीवाला

हे वाक्य आमच्या रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये टाकायला रेडिओलॉजिस्टना आजच सांगतो. कोरोनल सिक्वेन्स ‘चक्कर’ नावाने सेव्ह केलाय, म्हणजे दिवसपाळीवाल्यांनाही शोधावा लागणार नाही.