ऑपरेटरचा सेटर कसं व्हायचं?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) तीन वर्षं ऑपरेटर आहे. जॉब (कातायचा तुकडा) लावायचा, बटण दाबायचं, बास. आमचे सेटर मामा (मशीनला टूल आणि मापं लावून देणारे) पुढच्या वर्षी रिटायर होतायत. सेटिंग शिकवा म्हटलं की म्हणतात, "आधी मायक्रोमीटर नीट धर." ते तर नुसतं बारीक माप घ्यायचं साधन. टाळतायत काय?

उत्तर १: टाळत नाहीत भावा. मी उद्यमनगरात असाच शिकलो. एकदा १०० मिमी व्यासाचा जॉब गरम असतानाच मोजला आणि ओके दिला. गार झाल्यावर ०.०२ नं बारीक! अख्खा ट्रे रिजेक्ट. मिस्त्री ओरडले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत बसले (ते जास्त लागलं). मग त्यांनीच ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) शिकवला: व्यास ०.०२ जास्त आला की एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०२. माप चुकीचं घेतलंस तर ऑफसेटपण चुकीचाच पडणार की.

उत्तर २: इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलताना शेजारी उभा राहा. वही ठेव. पगाराचा विषय एवढ्यात काढू नको.

प्रश्नकर्ता: आज मामांसमोर एकच जॉब तीनदा मोजला. तिन्ही वेळा वेगळं माप. हसले, मायक्रोमीटरच्या टोकाची दाब बेताचा ठेवणारी घुंडी दाखवत म्हणाले, "रॅचेट फिरव की, पाना आवळल्यागत काय आवळतोस!" उद्या शिफ्टच्या अर्धा तास आधी बोलावलंय.