पीएचडी करता करता आंत्रप्रेन्योरशिपचा कोर्स करावा का? (नागपूर)

अंबाझरीकर: नमस्कार मंडळी. नागपुरात केमिस्ट्रीत पीएचडी करून राहिली आहे, चौथं वर्ष. विषय पाण्यातलं फ्लोराइड काढणं. अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) काम करून एक मटेरियल बनवलंय, लिटरमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी लॅबमध्ये १ च्या खाली येतं. आता तरुण संशोधकांसाठी शनिवार-रविवारचा आंत्रप्रेन्योरशिप कोर्स निघालाय, गाइड म्हणतात कर, बाबा म्हणतात आधी थिसिस संपव. पत्रकात बिझनेस प्लॅन, पिचिंग (पैसे लावणाऱ्यांसमोर आपली कल्पना मांडणं), ब्रँडिंग असं सगळं आहे. खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं सर्टिफिकेट? पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला पोस्टरपण आहे, त्यामुळे वेळ कमीच आहे.

हिंगणा_एमआयडीसी: ताई, पाणी शुद्धीकरणाच्या धंद्यात आहे म्हणून मनापासून सांगतो. कोर्सवाल्यांना एकच विचार, आम्हाला गावात पाठवणार का? वर्गात बसून स्लाइड बनवायच्या असतील तर थिसिसच लिही. तुझं पाणी पिणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा आणि मटेरियल बदलणारा तिसराच, हे शिकायला यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवाल्या गावातच जावं लागतं. आपल्याच नीरीने, म्हणजे नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने, १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत काढली, तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड खाली बसवायचं, केमिस्ट्री एकदम पक्की आणि स्वस्तपण, पण रोज डोस मोजून टाकणार कोण, गाळ फेकणार कुठे, इथे गाडी अडते. अ‍ॅल्युमिनाचंही तेच, काही दिवसांनी ते फ्लोराइडने भरतं मग कॉस्टिक सोड्याने धुवून परत चालू करावं लागतं, आता गावात कॉस्टिक हाताळायला कोणाला सांगशील? शिवाय बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट, सिलिका असते, पीएच जास्त असतो, लॅबच्या पाण्यासारखी फ्लोराइड धरायची क्षमता तिथे मिळत नाही. गिऱ्हाईकाला हे आधी सांगावं लागतं न.

धरमपेठची: कोर्सचं नंतर बघ, पहिले पोस्टर थांबव. म्हणजे पोस्टर लाव, पण त्याआधी प्रोव्हिजनल पेटंट टाक, म्हणजे पेटंटचा पहिला, तात्पुरता अर्ज. मटेरियल कसं बनवलं हे एकदा सगळ्यांसमोर मांडलं की ते नवीन राहत नाही, आणि पेटंट नव्यालाच मिळतं. आपल्या कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे पण ती मोजक्याच प्रसंगांना, आणि युरोपात तर तेवढीपण धरता येत नाही. प्रोव्हिजनल टाकल्यावर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, ऑनलाइन फी एकट्या व्यक्तीला १६०० रुपये आहे. पण अर्ज कोणाच्या नावाने होणार हे गाइड आणि संस्थेच्या पेटंट सेलला लेखी विचारून घे, काम त्यांच्या लॅबमध्ये झालंय, बऱ्याच ठिकाणी हक्क संस्थेचाच असतो आणि तुला नंतर लायसन घ्यावं लागतं. कोर्समध्ये हा एक भाग जरी नीट शिकवत असतील तरी मी म्हणेन जा.

अंबाझरीकर: बापरे, पोस्टरचं कोणीच बोललं नव्हतं. उद्याच विचारते. पण समजा जमलं तर पैसा कुठून आणायचा, घरचे तर देणार नाहीत.

विज्ञान_संस्थेचा_माजी: घरचे कशाला, केंद्र सरकारची निधी-प्रयास योजना बघ, प्रोटोटाइपला (पहिल्या नमुन्याला) १० लाखांपर्यंत ग्रँट मिळते, इन्क्युबेशन सेंटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारं केंद्र) अर्ज करायचा. बायोटेककडे झुकणारं काम असेल तर बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, पण स्पर्धा जबरदस्त. आणि हिंगणावाल्या भाऊंना माझं पूर्ण अनुमोदन. अमेरिकेत एनएसएफने (संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) २०११ मध्ये आय-कॉर्प्स नावाचा कोर्स सुरू केला, त्यात शास्त्रज्ञांच्या टीमला ७ आठवड्यांत १०० संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलायला लावतात, विकायला नाही, ऐकायला. आपल्याकडच्या कोर्समध्ये नेमकं हेच गाळतात आणि पिचिंगवर दिवस घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्या पोरांचं विज्ञान कमी पडत नाही, विचारायला जाणं कमी पडतं.

हिंगणा_एमआयडीसी: बरोबर. आणि ताई, गावात जाशील तर ग्रामसेवकाला आधी फोन करून ग्रामसभेच्या दिवशी जा, सरपंच, पाणीपुरवठा समिती, बाया सगळे एकाच ठिकाणी भेटतात. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातपण जाऊन ये, आधीचे फ्लोराइड प्लांट का बंद पडले ते तिथल्या ज्युनिअर इंजिनिअरला विचार, तो जे सांगेल ते लिहून घे.

अंबाझरीकर: थँक्यू सगळ्यांना. गाइडना पेटंटचं मेल केलंय, कोर्सवाल्यांनापण विचारलंय की गावभेटी आहेत का. नाही म्हणाले तर फी भरणार नाही, त्या पैशात यवतमाळच करते.