'लपवण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्या निवांत यांना उत्तर

अर्धविराम

निवांत यांच्या कालच्या पोस्टखाली दोन ओळी लिहायला घेतल्या, त्या लांबत गेल्या म्हणून इथे वेगळं लिहितोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घरच्या कॉम्प्युटरवर स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारं सॉफ्टवेअर) नि ट्रॅकर (आपण नेटवर काय बघतो त्याची नोंद ठेवणारे) यांची काळजी करत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, एखादा फुकटचा अँटीव्हायरस आणि एखादा क्लीनर (कॉम्प्युटरमधला कचरा साफ करणारं सॉफ्टवेअर) टाकला की विषय संपला, आणि जाहिरातवाल्यांना आपण काय बघतो ते कळलं तर कळू दे, आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय.

लपवण्याचं नंतर बघू. आधी तो 'फुकटचा अँटीव्हायरस आणि क्लीनर'. अहो, घर झाडायला चोरालाच बोलावताय तुम्ही. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं प्रकरण विसरलात? लोकांनी ट्रॅकिंग अडवायला म्हणून जे टाकलं त्यातूनच त्यांचं ब्राउझिंग गोळा केलं आणि जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकलं. जानेवारी २०२० मध्ये बातमी फुटली तेव्हा जम्पशॉटला टाळं लावलं, पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. क्लीनरचं म्हणाल तर २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच कोणीतरी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं होतं आणि ते २२ लाखांहून जास्त मशीनवर गेलं. अधिकृत डाउनलोड बरं का, कुठल्या पायरेटेड साइटवरचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरचं मशीन साफ करायचं म्हणजे त्यात आणखी काही टाकायचं नाही, आहे त्यातलं काढायचं. विंडोजचा डिफेंडर, म्हणजे विंडोजमध्येच येणारा अँटीव्हायरस, आहे तो पुरे, फक्त त्यातलं 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप' (नको असलेलं ॲप) अडवायचं बटण चालू आहे ना ते बघा. मग इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावा, त्रास कधी सुरू झाला ते आठवा, त्याच्या आसपास काय काय टाकलं गेलं ते आपोआप दिसतं. 'पीडीएफ कन्व्हर्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' असली नावं हमखास असतात. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप्स), ओळखू येत नाही ते काढायचं. आणि शेवटी नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट्स. कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' म्हणून जी पाटी येते ना, तिच्यात बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि साइटचं नाव लिहिलेलं असतं, ते कोणी वाचतच नाही. व्हायरस वगैरे काही नसतं, कधीतरी 'अलाउ' दाबलेलं असतं.

निवांत

वा! माझ्या चार ओळींवर एवढा प्रबंध, धन्य झालो.

दोन कंपन्यांची उदाहरणं दिली म्हणजे सगळे चोर झाले का? आणि मुख्य मुद्द्याला बगल दिलीत तुम्ही. ट्रॅकरने माझं नक्की काय वाकडं केलं ते सांगा. मी बूट बघितले, घेतले, मग महिनाभर तेच बूट दिसत राहिले. यात हेरगिरीपेक्षा मूर्खपणाच जास्त दिसतो मला. ज्यांना मी बूट घेतलेत हे सुद्धा कळत नाही त्यांना घाबरू? आणि तरीही कोणाला खाज असेल तर कुकीज (साइट्स आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या ओळखीच्या चिठ्ठ्या) डिलीट करायच्या, मी करतो अधूनमधून, त्याला असं कीर्तन लागत नाही.

जुनं खोड

तुम्ही पोरं स्पायवेअर कशाला म्हणता तेच कळत नाही. आम्ही २००४ च्या सुमाराला बघितलंय स्पायवेअर. ब्राउझर उघडला की अर्धा स्क्रीन टूलबारनेच भरलेला, होमपेज बदललं तरी रीस्टार्टनंतर परत तेच, कूलवेबसर्च नावाच्या स्पायवेअरने तर लोकांना रडवलं होतं. स्पायबॉट चालवायचं, मग ॲडअवेअर, ही तेव्हाची साफसफाईची सॉफ्टवेअर, तरी गेलं नाही की हायजॅकधिस नावाच्या तपासणी सॉफ्टवेअरचा लॉग काढायचा आणि कोणा जाणकाराला दाखवायचा, तो सांगणार ओ-टू आणि ओ-थ्रीच्या या या ओळींवर टिक करा, आणि आपण देवाचं नाव घेऊन 'फिक्स' दाबायचं. आज ज्या डिफेंडरचं कौतुक चाललंय त्याचं मूळही तिथलंच, मायक्रोसॉफ्टने २००४ च्या शेवटी जायंट नावाची कंपनी विकत घेतली तिच्या अँटीस्पायवेअरवर तो उभा आहे.

आणि आता? आता ऑपरेटिंग सिस्टीमच प्रत्येकाला एक जाहिरात-आयडी देते, स्टार्ट मेनूत जाहिराती घालते आणि त्याला 'सजेशन' म्हणते. टूलबारवाले निदान लाजत तरी होते. हे सेटिंग बंद करा, मोठा अपडेट आला की पुन्हा तपासा, हाच उद्योग. अर्धविराम, 'आहे त्यातलं काढा' म्हणताय ना, मग हे काढून दाखवा.

पेंग्विन

लिनक्स टाका. विषय संपला.

जुनं खोड

आलात! वाटच बघत होतो. प्रिंटर चालला का शेवटी?

अर्धविराम

@निवांत, कुकीज डिलीट करून फार तर कुकीज जातात. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड, ब्राउझरची आवृत्ती यांची बेरीज केली की कुकीशिवायही मशीन ओळखता येतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्येच त्यांच्या चाचणीत दाखवलं होतं की तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेव निघाले. आता परिस्थिती बदलली, ब्राउझर थोडे शहाणे झाले, सफारी २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज (आपण बघतोय त्या साइटच्या नव्हे, तर तिसऱ्याच कोणाच्या) सरसकट अडवते, फायरफॉक्स त्या साइटगणिक वेगळ्या डब्यात ठेवतो. गूगलने २०२० मध्ये त्या क्रोममधून काढतो म्हणून जाहीर केलं, तारखा ढकलत राहिले आणि २०२४ मध्ये चक्क बेत रद्द केला. जाहिरातींवर पोट असलेल्यांनी बनवलेला ब्राउझर जाहिरातींना किती अडवणार हे ज्याचं त्याने ठरवावं.

बुटांचं म्हणाल तर बूट दिसतात तो भाग निरुपद्रवी आहे. कोणी रात्री दोन वाजता एखाद्या आजाराची लक्षणं शोधत होतं, किंवा कर्ज फेडता येत नाही तर काय होतं ते वाचत होतं, हेही त्याच वहीत लिहिलं जातं. ती वही कुठे विकली जाते ते आपल्याला दिसत नाही, कारण त्याची जाहिरात कोणी दाखवत नाही.

शब्दकोडी

माझी छोटी साइट आहे, नाव नाही सांगत. सर्व्हरचा खर्च जाहिरातींतून निघायचा, आता निघत नाही, कारण तुमच्यासारखे लोक घरोघरी ब्लॉकर लावत फिरतात. फुकट हवंय सगळं, जाहिरात नको, पैसेही नकोत. ट्रॅकर वाईट मान्य, पण ब्लॉकर काय ट्रॅकर आणि साधी जाहिरात यात भेद करतो का? सरसकट कापतो.

अर्धविराम

भेद जाहिरातवाल्यांनी ठेवला नाही हो. तुमच्या पानावर कोणती जाहिरात येणार हे तुम्हाला तरी आधी कळतं का? २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या साइट्सवर जाहिरातींमधून मालवेअर वाटलं गेलं, त्यांनाही कळलं नव्हतं. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये खुद्द एफबीआयने लोकांना सांगितलं की सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा, कारण सर्चच्या वर दिसणाऱ्या जाहिरातीत नकली साइट्स असतात. एफबीआयपण फुकटी आहे का?

शब्दकोडी

ठीक आहे, सर्चपुरता लावा. माझ्या साइटवर बंद ठेवा. एवढं तरी कराल?

अर्धविराम

ट्रॅकर काढून नुसतं चित्र लावा, करतो.

तिसरा प्रहर

तुम्ही सगळे स्वतःच्या मशीनबद्दल बोलताय. खरी डोकेदुखी घरच्या मोठ्यांच्या कॉम्प्युटरची असते. माझ्या बाबांनी एकदा कुठल्याशा पानावर 'मी रोबोट नाही' सिद्ध करायला विंडोज आणि आर ही बटणं दाबली, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, जसं पानावर लिहिलं होतं तसंच. त्या पानाने क्लिपबोर्डमध्ये गुपचूप काय कॉपी करून ठेवलं होतं, जे त्यांनी स्वतःच्या हाताने चालवलं, ते त्यांना माहीत असायचं कारणच नाही. नंतर सगळे पासवर्ड बदलत बसले मी. त्यानंतर त्यांच्या अकाउंटचे ॲडमिन अधिकार (नवीन सॉफ्टवेअर टाकण्याचे वगैरे) काढून घेतले आणि एक रिमोट ॲक्सेसचं, म्हणजे दुरून त्यांचं मशीन चालवता येईल असं, सॉफ्टवेअर टाकलं. आठवड्यातून एकदा रात्री आत जाते, काय नवीन टाकलंय बघते, एक्स्टेन्शन्स बघते, बाहेर येते. तेव्हापासून शांतता आहे.

ओसरी

बाबांना माहीत आहे का हे?

तिसरा प्रहर

ॲडमिनचं माहीत आहे. दुसरं सांगून काय करू, त्यांना कळणार नाही आणि उगाच वाईट वाटेल.

ओसरी

म्हणजे मालकाला न सांगता टाकलेलं, बॅकग्राउंडला चालणारं, तो काय करतो ते दुसऱ्याला दाखवणारं सॉफ्टवेअर. ताई, एवढा वेळ आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते हेच की.

तिसरा प्रहर

कमाल आहे. कुठे जाहिरात कंपन्या आणि कुठे मी. ज्यांच्यासाठी रात्री जागते त्यांच्यावर हेरगिरी केल्याचा आरोप करताय? तुमच्या घरच्यांचं मशीन कोण बघतं? की 'गोपनीयतेचा आदर' म्हणून तसंच सोडलंय?

ओसरी

हेतू चांगला आहे हे जाहिरातवालेही म्हणतात. आमच्या घरी विचारून बघतो, दिवसा, शेजारी बसून.

तिसरा प्रहर

शेजारी बसायला शेजारी राहावं लागतं. सगळ्यांना जमत नाही ते. जरा भान ठेवून बोला.

सत्तरी पार

या भांडणात पडणार नव्हतो, पण मी त्या 'बाबां'च्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. माझ्या चिरंजीवांनी हेच केलं होतं. एका संध्याकाळी मी पत्र टाइप करत होतो, हात कीबोर्डवर, आणि माउसचा बाण आपला आपण वर सरकला, एक टॅब बंद झाली, मग सेटिंग्ज उघडल्या. मला वाटलं हॅक झालो. उठलो आणि राउटरची वायरच उपटली. दोन मिनिटांत चिरंजीवांचा फोन, 'बाबा नेट का बंद केलंत?'

राग आला तो बाजूला ठेवतो. पण मुलामुलींनो, एक विचार करा. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, आम्ही आत येऊन दुरुस्त करतो' असं सांगून लुटणारे लोक हेच रिमोट सॉफ्टवेअर टाकायला लावतात. स्क्रीन आपोआप हलतो तेव्हा आपलंच माणूस असतं अशी सवय तुम्हीच आम्हाला लावून ठेवली, तर त्या दिवशी आम्ही वायर कशाला उपटू?

आणि ॲडमिन अधिकारांचं म्हणाल तर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायलासुद्धा पासवर्ड मागायला लागायचा आणि साहेब मीटिंगमध्ये.

पेंग्विन

लिनक्समध्ये प्रिंटरला ड्रायव्हर बहुतेक लागतच नाही.

जुनं खोड

तुम्ही थांबा जरा.

हेक्स

तांत्रिक दुरुस्ती, कोणी विचारलेली नसताना. @तिसरा प्रहर, ॲडमिन काढून घेणं चांगलंच, पण जो प्रकार तुमच्या बाबांशी झाला त्याला त्याने आळा बसत नाही. असली माहितीचोर मालवेअर साध्या अकाउंटमध्येही मजेत चालतात, त्यांना सिस्टीममध्ये घर करायचं नसतंच, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलायच्या नि निघायचं. लॉगिनची कुकी हातात आली की बऱ्याच ठिकाणी पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. म्हणून पासवर्ड बदलून थांबू नका, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' पण करा, आणि तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून.

तुमची ती रात्रीची फेरीसुद्धा उशिराच पोचणार. चोरी मिनिटाभरात आटोपते.

आणि @अर्धविराम, 'ओळखू येत नाही ते एक्स्टेन्शन काढा' हे अर्धवट झालं. ओळखीचं एक्स्टेन्शनही मालक बदलून विकलं जातं. द ग्रेट सस्पेंडर नावाचं क्रोमचं एक्स्टेन्शन चांगलं होतं, २०२० मध्ये विकलं गेलं, २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, ते आपोआप अपडेट झालं.

अर्धविराम

बरं, 'कमीत कमी ठेवा' असं वाचा. माझ्याकडे एकच आहे, यूब्लॉक ओरिजिन नावाचा ॲड ब्लॉकर, तेही फायरफॉक्सवर, कारण क्रोमने एक्स्टेन्शन्ससाठीचे नवे नियम, मॅनिफेस्ट व्ही-थ्री, आणून त्याचा पूर्ण अवतार बंद केला, आता तिथे फक्त त्याची 'लाइट' आवृत्ती चालते. नाव नीट बघून घ्या, 'ओरिजिन' नसलेलं वेगळं प्रकरण आहे.

निवांत

मला विसरलात की काय सगळे? धागा माझ्या नावाने आणि चर्चा कोणाच्या तरी बाबांची.

असो. नोटिफिकेशनवाली यादी उघडून बघितली. स्क्रोल करावी लागली. त्यात एक हवामानाची साइट आहे जिच्यावर मी जन्मात गेलेलो नाही असं मी शपथेवर सांगू शकतो, पण परवानगी दिलेली दिसतेय. काढल्या सगळ्या. क्लीनर मात्र काढणार नाही, त्याचं प्रो व्हर्जन आहे, पैसे भरलेत. आणि लपवण्यासारखं माझ्याकडे अजूनही काही नाही.

जुनं खोड

पैसे भरून घेतलेला क्लीनर! मग राहू द्या, ते दुःख वेगळं.

तिसरा प्रहर

@हेक्स, लॉगआउटचं माहीत नव्हतं, करून टाकलं. धन्यवाद. @ओसरी, आज बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'मला माहीत होतं, कोपऱ्यात ते चिन्ह येतं ना.' मग म्हणाले, राहू दे, पण आत यायच्या आधी फोन कर. आणि ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून मागितला, तो दिला. झालं समाधान?

ओसरी

सांगितलंत ते उत्तम. त्या सॉफ्टवेअरमधला 'अनअटेंडेड ॲक्सेस' बंद केलात का? म्हणजे त्यांनी 'होय' दाबल्याशिवाय आत जाता येणार नाही असं?

तिसरा प्रहर

नाही केला. करणारही नाही.